चाकूवरचा आकडा

लेखकाने स्वतःच्या पुस्तकावर लिहू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो बहुतांशी योग्यच आहे. पुस्तक चांगले असेल तर ती आत्मस्तुती होते, वाईट असेल तर सबब होते. तरीही आज मी तो संकेत मोडणार आहे. माझ्या एका कादंबरीतील चूक एका अनोळखी वाचकाने पत्राने कळवली. ती समजून घेताना मला जे उमगले ते माझ्या पुस्तकापुरते नाही, असे मला वाटते.

त्या कादंबरीत एक म्हातारा आहे आणि त्याच्यापाशी एक चाकू आहे. म्हातारा फर्दापुरात राहतो, अजिंठ्याच्या लेण्यांत उजेड दाखवण्याचे काम करतो. एका गोऱ्या पाहुण्याने त्याला हा चाकू भेट दिलेला असतो. चाकूच्या पात्यावर ३३१८ असा आकडा आहे. कादंबरीच्या अखेरीस म्हातारा तो चाकू वाघूर नदीच्या डोहात टाकून देतो. हा प्रसंग काही वाचकांना आवडला होता. मलाही तो आवडत असे.

म्हातारा म्हणजे बव्हंशी माझे थोरले चुलते. गाव त्यांना नाना म्हणे, आम्हीही नानाच म्हणत असू. उन्हाचा कवडसा चकचकीत पत्र्यावर घेऊन तो लेण्याच्या आत, भिंतीवरल्या चित्रावर फिरवायचा, हे त्यांचे ऐन उमेदीतले काम. चाकू त्यांच्या बंडीच्या खिशात असे. कधी विषय निघाला की तो हातात घेऊन म्हणत, "हे बघ मास्तर, मूठ हत्तीदाताची. आन् ह्या नंबराचा दुसरा चाकू दुनियेत न्हाई." मी तेव्हा मास्तर झालेलो नव्हतो, शाळकरी पोर होतो, पण पुस्तक हातात असलेल्या कोणालाही ते मास्तरच म्हणत. चाकू कधी मिळाला असे विचारले, तर "दुष्काळ सरला त्या थंडीत," एवढेच सांगत.

नाना गेल्यावर काही वर्षांनी मी ती कादंबरी लिहिली. चाकू त्या वेळी माझ्या चुलतभावाच्या घरी होता. मी तो एकदा जाऊन पाहिला, आकडा वहीत उतरवून घेतला आणि परत आलो. तपशील खरा असावा याची मला हौस. आपण वस्तू प्रत्यक्ष पाहून लिहितो याचा थोडा अभिमानही. मी लिहिले : 'तो त्या कारखान्यात घडलेला तीन हजार तीनशे अठरावा चाकू होता. हस्तिदंती मुठीचा, दोन पात्यांचा. १९६४ सालच्या हिवाळ्यात तो म्हाताऱ्याच्या हाती आला.'

पत्र आले ते या वाक्यांवर. पत्रलेखकाला खिशातले चाकू जमवण्याचा छंद आहे. त्याने लिहिले होते, "तुमचा चाकू अमेरिकेच्या केस कंपनीचा दिसतो. तसा असेल तर तो आकडा तीन हजार तीनशे अठरा असा वाचू नये. तीन, तीन, अठरा असा वाचावा. पहिला तीन मुठीचा, दुसरा तीन पात्यांचा, अठरा हा घडणीचा. आणि पात्याच्या दुसऱ्या अंगाला कंपनीच्या नावाखाली ठिपके आहेत का, असल्यास किती, ते कळवावे."

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरीही मिळेल ते वाचून मी हे शास्त्र समजून घेतले. ते थोडक्यात असे. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड या गावी डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चाकू बनवीत आली आहे. तिच्या चाकूवरचा आकडा म्हणजे एक लहानसे वाक्यच असते. पहिला अंक मुठीचा : ३ म्हणजे पिवळी, कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम द्रव्याची मूठ, ५ म्हणजे शिंगाची, ६ म्हणजे हाडाची. दुसरा अंक पात्यांची संख्या सांगतो. उरलेले अंक घडणीचे, म्हणजे साच्याचे. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, चोपन्नाव्या घडणीचा चाकू. तोच पिवळ्या मुठीत ३२५४ होतो आणि शिंगाच्या मुठीत ५२५४. अधेमधे एखादे शून्य आले तर ती मूळ घडणीची फेरफार केलेली आवृत्ती. शेवटी अर्धा, म्हणजे ½, आला तर मुख्य पाते पाठीकडून टोकाशी उतरते झालेले. १९७० सालापासून कंपनीने नावाखाली दहा ठिपके उमटवले आणि पुढे दर वर्षी एकेक ठिपका कमी केला. नावाशेजारी दोन फुल्या असतात. त्यांना मी रोमन वीस समजलो होतो! पात्याला पाणी देण्याच्या दोन पायऱ्या पार पडल्याची ती खूण, असे कंपनी सांगते.

हे वाचून मी चुलतभावाकडे गेलो आणि चाकू पुन्हा हाती घेतला. आता एकेक अंक माझ्या एकेका वाक्याशी ताडून पाहू.

पहिला तीन. मूठ हस्तिदंती नाही. ती पिवळी, घडवलेल्या द्रव्याची आहे. शेतावर, गुरांमागे हिंडणाऱ्या माणसाला चाकू गवतात पडला तरी सापडावा असा तिचा रंग. नाना हत्तीदात म्हणाले आणि मी हस्तिदंत असे शुद्ध करून लिहिले. भाषा शुद्ध झाली, वस्तू खोटीच राहिली.

दुसरा तीन. पाती तीन असली पाहिजेत. मी दोन लिहिली होती, कारण दोनच पाहिली होती. या वेळी उजेडात धरून पाहिले, तर दोन्ही पात्यांच्या बाजूला खिळ्याला अडकलेले तिसऱ्याचे नुसते बूड दिसले. पहिल्या खेपेस मी त्याला कमानीचा भाग समजलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, "तुला ठाऊक न्हाई व्हय? गारा उकरताना मोडलं ते." लेण्यांतले काम सुटल्यावर नाना डोंगरात हिंडत, कातळाच्या पोकळ्यांतले स्फटिक, गारगोट्या उकरून आणीत आणि पाहुण्यांना विकीत. फर्दापूरच्या तिठ्यावर आजही हा माल मांडून बसलेली माणसे दिसतात. नानांनी हे मला कधी सांगितले नाही. ज्याने पद्मपाणीच्या चेहऱ्यावर उजेड धरला, त्याने उतारवयात गाड्यांमागे दगड घेऊन धावावे, हे त्यांना पुतण्यापुढे बोलवले नसेल. चाकूवरचा दुसरा अंक मी वाचला असता तर मला हे विचारावे लागले असते. आणि विचारले असते तर मी निराळी कादंबरी लिहिली असती, बहुधा अधिक चांगली.

अठरा. ही घडण मध्यम आकाराची, गुराख्याच्या कामाची. चाकू मिटला की साडेतीन इंचांच्या आसपास भरतो. अशा घडणीचे चाकू वर्षानुवर्षे निघत आले आहेत. दुनियेत या नंबराचा दुसरा चाकू नाही, हे नानांचे म्हणणे म्हणजे भाबडेपणा. परंतु नाना निदान भाबडे होते. मी तर त्यांच्या समजुतीला हिशेबी रूप देऊन 'तीन हजार तीनशे अठरावा' असे निवेदकाच्या तोंडून वदवले.

राहिले ठिपके. ते मी पहिल्या खेपेसही पाहिले होते, पण नक्षी समजून वहीत घेतले नाहीत. मोजले, सात भरले. १९७० साली दहा, तर सात म्हणजे १९७३. नाना म्हणत होते, दुष्काळ सरला त्या थंडीत. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात कोणाला सांगावा लागत नाही. तो सरला तो १९७३ च्या पावसाने. त्याच हिवाळ्यात, त्याच वर्षी घडलेला चाकू घेऊन कोणी पाहुणा आला असणार. म्हाताऱ्याच्या स्मरणाचा भरवसा काय, असे मानून मी तो प्रसंग १९६४ मध्ये ढकलला होता. दुष्काळाच्या सुमारास परदेशी पाहुणा कशाला येईल, असाही एक शहाणा विचार मी केला होता.

एवंच, ज्या आकड्याला मी अर्थ दिला त्याचा तो अर्थ नव्हता, आणि ज्या खुणेला मी शोभा समजलो तिच्यात तारीख होती.

येथे कोणी म्हणेल की, ही तर चाकूच्या जाणकारीची गोष्ट झाली, वाङ्मयाशी तिचा काय संबंध? माझे म्हणणे असे की आकडा हाही मजकूरच आहे. त्याचा कर्ता असतो, वाचक असतो, व्याकरण असते; आणि म्हणून त्याचे परीक्षणही करता येते.

केसच्या आकड्याचे परीक्षण करू लागलो तर त्याचा पहिला गुण म्हणजे मितभाषिता. चार अंकांत मूठ, पाती आणि घडण सांगून तो मोकळा होतो. पण त्याच्यात दोषही आहेत. तो अर्ध्यावर बोलका आणि अर्ध्यावर मुका आहे. तीन म्हणजे तीन पाती हे कळण्याजोगे. अठरा म्हणजे गुराख्याचा चाकू हे अठराकडे कितीही वेळ पाहत बसले तरी कळावयाचे नाही. तेथे पाठांतरच हवे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ६ म्हणजे हाड असे म्हटले, तरी टंचाईच्या दिवसांत कारखान्याने हाडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम मुठी बसवल्या आणि आकडा सहाचाच ठेवला. खरे पाहता हाडावर कोरलेल्या त्या खाचाही मुळात शिंगाची नक्कल करण्यासाठी. म्हणजे ६ ही ५ ची नक्कल, आणि सहाच्या पोटात पुन्हा सहाची नक्कल. आणि ५ या अंकाची शिंगे कोठली? पुष्कळशी आपल्याच देशातल्या सांबरांची; जंगलात गळून पडलेली ती शिंगे येथून परदेशी जात, पुढे भारताने त्यांची निर्यात बंद केली. हे सारे त्या एका अंकामागे उभे आहे, पण अंक त्यातले काहीच बोलत नाही.

शिवाय हे व्याकरण एका घराण्यापुरते आहे. रेमिंग्टन कंपनीने १९२० ते १९४० या काळात खिशातले चाकू बनवले. तिच्या आकड्यात मुठीचा अंक शेवटी येतो, आणि तेथे ३ म्हणजे हाड. केसचा पहिला तीन म्हणजे पिवळी मूठ, रेमिंग्टनचा शेवटचा तीन म्हणजे हाडाची. आकडा सगळीकडे सारखाच वाचता येतो, ही आपली समजूत शाळेतल्या पाढ्यांनी करून दिलेली आहे.

आमच्या गावच्या लोहाराच्या मालावर आकडे नसतात. गवताचा विळा, उसाचा कोयता, निंदणीचे खुरपे, अशी त्यांची कामावरून नावे. जो घडवतो आणि जो वापरतो ते एकमेकांना ओळखतात, तेथे आकड्याची गरज पडत नाही. माल दूरच्या, न पाहिलेल्या गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला की आकडा जन्माला येतो. म्हणून तो वाचताना वाचकावर अधिक जबाबदारी पडते. विचारायला लोहार समोर नसतो.

ही जबाबदारी माझ्यासारख्या फर्दापूरकराला तरी नवी वाटू नये, कारण आमची उपजीविका एका आकडेवारीवरच चालली आहे. येथून चार किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांना क्रमांक आहेत, आणि ते क्रमांक चुकीच्या रीतीने वाचले जाताना मी जन्मभर पाहत आलो आहे. पाहुणा लेणे क्रमांक १ मध्ये शिरतो आणि आपण सर्वांत जुन्या लेण्यात आलो असे समजतो. वस्तुतः ते वाकाटकांच्या काळातले, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. सर्वांत जुनी लेणी घोड्याच्या नालेसारख्या त्या कड्याच्या मध्यभागी आहेत. दहावे, नववे आणि त्यांच्या आसपासची काही त्याहून सुमारे सहाशे वर्षे आधी खोदायला घेतलेली. क्रमांक हे येण्याच्या वाटेच्या टोकापासून ओळीने घातलेले आहेत. ते फक्त जागा सांगतात. काळ सांगत नाहीत, योग्यताही सांगत नाहीत. ९, १०, १९ आणि २६ ही चैत्यगृहे आणि बहुतेक बाकीचे विहार, हेही क्रमांकावरून कळत नाही.

बरे, जागा तरी सरळ सांगतात का? क्रमांक घालून झाल्यावर पंधरा आणि सोळा यांच्या दरम्यान एक लेणे ध्यानात आले. त्याला १५अ म्हटले गेले. हे शेतकऱ्याला चटकन समजते, कारण त्याच्या गट क्रमांकाला असेच पोटहिस्से असतात. एकोणतिसावे लेणे अठ्ठाविसाच्या पुढे नसून विसावे आणि एकविसावे यांच्या दरम्यान, वरच्या अंगाला आहे. १९५६ साली सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दरड कोसळली. ती उपसताना खाली ओढ्याच्या पात्रालगत आणखी एक लेणे उघडे झाले. त्याला ३० हा क्रमांक मिळाला. तेही प्राचीन लेण्यांपैकीच. म्हणजे अगदी शेवटचा क्रमांक अगदी आरंभीच्या काळातल्या लेण्याला! तिसावे लेणे शोधत टोकापर्यंत जाऊन आलेले पाहुणे घामाघूम होऊन परतताना मी पाहिले आहेत.

कोणी विचारील, मग अशी अडाणी क्रमवारी मोडून चाकूसारखी बोलकी का करू नये? पहिला अंक चैत्य की विहार, दुसरा काळ, तिसरा आश्रयदाता. माझाही एके काळी हाच विचार होता, आज नाही. या लेण्यांचा काळ ठरवताना विद्वानांचे एकमत कधीच नव्हते. वाकाटककालीन लेणी दोन-तीन शतकांच्या ऐसपैस काळात पसरली आहेत असे पूर्वी पुष्कळजण धरून चालत. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी ती जवळजवळ सारी हरिषेणाच्या राजवटीच्या सुमारास, ४६२ ते ४८० अशा अवघ्या काही वर्षांत झाली असे मांडले. ते सर्वांनी मानले असेही नाही. काळ जर क्रमांकात कोरला असता तर प्रत्येक नव्या ग्रंथाबरोबर लेण्यांचे क्रमांक बदलावे लागले असते. जागेच्या क्रमांकाला काही ठाऊक नाही, म्हणून तो चुकतही नाही. चाकूचा आकडा स्वतः कारखानदाराने घातलेला आहे. आपण काय घडवतो हे त्याला ठाऊक होते. लेण्यांचा क्रमांक ज्यांनी घातला ते घडवणारे नव्हते, हजार-दीड हजार वर्षांनी आलेले पाहुणे होते. त्यांनी फक्त मोजले, हा त्यांचा विनय म्हणावा लागेल.

तेव्हा आकडा वाचताना पहिला प्रश्न 'किती?' हा नसून 'कोणी घातला?' हा आहे. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि १८१९ सालची तारीख खरवडून ठेवली आहे. ती आज माणसाच्या उंचीच्या बरीच वर दिसते, कारण तो उभा होता त्या वेळी लेणे मलब्याने भरलेले होते. त्याने तारीख लिहिली. मलबा किती होता ते त्याने लिहिले नाही, तरी त्याच्या अक्षरांच्या जागेने ते लिहून ठेवले. आकड्याचा कर्ता, त्याची जागा, त्याच्या शेजारच्या खुणा, हे सगळे मिळून वाचन होते. नुसता आकडा वहीत उतरवून घेणे म्हणजे वाचन नव्हे. मी नेमके तेवढेच केले होते.

आता प्रश्न उरतो तो कादंबरीचा. पुढच्या आवृत्तीत काय करावे? एका मित्राने सुचवले, आकडा काढून टाक, म्हणजे चूकच उरणार नाही. हा मार्ग मला पळपुटा वाटतो. दुसऱ्याने म्हटले, कादंबरी ही कल्पित असते, तिला कारखान्याची यादी लावू नये. हे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. कादंबरीतल्या म्हाताऱ्याने आपला चाकू एकमेव आहे असे मानावे, यात काहीच खोटे नाही. तसे मानणारी माणसे असतात, मी त्यांच्याच मांडीवर वाढलो. त्या समजुतीपायी त्याने चाकू डोहात टाकला, तर तो प्रसंग उलट अधिक करुण होतो, कारण वाचकाला ठाऊक असते की असे हजारो चाकू आहेत आणि म्हाताऱ्याला एकच आहे. खोटे आहे ते माझ्या निवेदकाचे वाक्य. म्हाताऱ्याची समजूत निवेदकाने स्वतःच्या अंगावर घेतली आणि तिला आकड्यांचा आधार दिला. पात्राला चुकण्याचा हक्क आहे. निवेदकाला नाही, निदान आपण चुकतो आहोत याची खूण न ठेवता चुकण्याचा नाही.

म्हणून मी ठरवले आहे ते असे. 'तीन हजार तीनशे अठरावा' हे शब्द राहतील, पण ते म्हाताऱ्याच्या तोंडी जातील. मूठ त्याच्या बोलण्यात हत्तीदाताची असेल, निवेदनात पिवळी. साल १९७३ होईल. पाती दोन आणि एक मोडके बूड. ते बूड एकदा आत आले की गारा उकरणारा म्हाताराही आत येईल, आणि मग बरीच पाने नव्याने लिहावी लागतील. डोहाचा प्रसंग त्यात टिकेल की नाही हे आज सांगता येत नाही.

पत्रलेखकाला मी उत्तर लिहिले : ठिपके सात आहेत. त्याचे उलट टपाली पत्र आले. त्यात अभिनंदन होते आणि शेवटी एक प्रश्न होता : "तिसरे पाते कोणते मोडले आहे, ते कळेल का?" मी चुलतभावाला विचारले. तो म्हणाला, "धाकलं. ते नाना पेन्सिलीला ठेवायचे. तुझ्या पेन्सिली त्यानंच तासल्यात की."